दोघींचा एक कोयता

आमच्या बीड जिल्ह्यात माणसं कोयत्यावर मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मोजमाप ऊसतोडीचं, पण मी ज्या बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर म्हणून आयुष्य काढलं, तिथंही ते बिनदिक्कत शिरलं होतं. कंपनी गोदामं बांधायची, मार्केट यार्डातले गाळे, सहकारी बँकांच्या शाखा, दूध संघाच्या इमारती बांधायची. उसाशी तिचा संबंध काय तो चहातल्या साखरेपुरता. पण आमच्याकडं मजूर भरती करणारे रामकिसन मुकादम आधी कारखान्यांवर टोळ्या घेऊन जात, आणि इकडं येताना ते मोजायची रीतही बरोबर घेऊन आले. गड्यानं खणायचं, माल कालवायचा. बायकोनं घमेलं वाहायचं. हजेरी एक, नाव नवऱ्याचं, आणि पगारही त्याच्याच हातात.

त्या वर्षी दुष्काळ होता. सिरसाळ्याला एका खरेदी-विक्री संघाच्या गोदामाचं काम निघालं होतं. ठेवायला दाणा नाही आणि गोदाम बांधायला काढलंय, म्हणून गावातली माणसं पारावर बसून हसत होती. पण हसणारेच सकाळी आमच्या गेटवर रांगेत यायचे. ऊसच वाळून गेल्यामुळं टोळ्या निघाल्या नव्हत्या आणि ज्यांचे पाय दसरा झाला की आपोआप कारखान्याच्या वाटेला लागायचे, ती सगळी माणसं गावात अडकून पडली होती.

त्या रांगेत चंद्रभागाबाई पहिल्यांदा दिसली. साठीकडं झुकलेली, काटक, नऊवारी लुगड्यावर पुरुषी फुल बाह्यांचा शर्ट चढवलेला. फडात पाचट अंगाला कापतं म्हणून बायका असा शर्ट घालतात, त्यामुळं त्याचं नवल नव्हतं. नवल हे, की तिच्यामागं उभी होती ती तिची सून. गडीमाणूस कुणी नव्हतंच.

मुकादमांनी विचारलं, "गडी कुटंय?"

"ह्यो काय," म्हणून तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी गडी. ही बाई. आमी दोघी मिळून एक कोयता."

रांग खो-खो हसली. मुकादमही हसले. ती हसली नाही. "हसू नका. खोरं द्या आन् बगा," ती म्हणाली.

"आक्का, बायाबायांचा कोयता नसतोय."

"कावून नसतोय? उसाला काय कळतंय का, तोडणारा गडी हाय का बाई? मंग सिमिटाला कसं कळंल?"

मुकादमांनी गंमत म्हणून खोरं दिलं. चंद्रभागाबाईनं पदर खोचला आणि वाळू-सिमेंटचा ढीग उलटापालटा करायला घेतला. काम फार सुबक नव्हतं. पण मुकादम दुसऱ्या जोड्या घेऊन गेले, परत आले, तरी ती थांबली नव्हती आणि सून, सुमन तिचं नाव, मुकाट्यानं घमेली भरून नेत होती. "राहू द्या आठवडाभर," असं म्हणून मुकादमांनी विषय संपवला. त्यांचा आठवडा पुढं कधी संपलाच नाही.

सुमनचा नवरा, म्हणजे चंद्रभागाबाईचा एकुलता एक मुलगा, पुण्याकडं कामाला गेला आणि तिथं दुसरा संसार थाटून तिकडचाच झाला. अशा वेळी सासू काय करते ते आपण सगळे जाणतो. सुनेच्या पायगुणापासून सुरुवात होते. या बाईनं मात्र मुलाचं नाव टाकलं आणि सुनेला ठेवून घेतलं. मी एकदा न राहवून विचारलं, तर तिनं मला हे असं सुनावलं:

"हे बगा भाऊ. स्थळ मी पाह्यलं, पोरगी मी पसंत केली, तिच्या बापाला जबान मी दिली. आन् माल माजा खोटा निघाला. मंग भरपाई कुणी करायची? तिच्या बापानं का मी?"

तिची भरपाईची कल्पनाही पक्की होती. सुमनला कारागीर करायचं. घमेल्यावर नाही ठेवायचं. गवंड्याची थापी तिच्या हातात आली पाहिजे, म्हणजे उद्या ती एकटी कुठंही गेली तरी कुणी तिला अर्धी म्हणणार नाही. आमच्या कंपनीत तोवर एकाही बाईच्या हातात थापी गेली नव्हती. बाई घमेल्यावर यायची आणि घमेल्यावरच म्हातारी व्हायची. चंद्रभागाबाईला हे कुणी सांगितलं की ती एवढंच म्हणे, "आत्तापतुर."

स्वभावानं गोड अजिबात नव्हती, हे सांगायला हवं. तिचा आवाज परांचीवरून फाटकापर्यंत पोचायचा. दुपारी बायका सावलीला कलंडल्या की ही मिश्री लावता लावता त्यांच्यावर कुरकुरायची. स्टोअरच्या किल्ल्या माझ्या कमरेला असत, तरी नवं घमेलं कुणाला द्यायचं आणि फुटकं कुणाला, हे ती परस्पर ठरवायची आणि मी हरकत घेतली की, "राह्यलं भाऊ, तुमचंच ऱ्हाऊ द्या, संगं घिऊन जा वर," म्हणायची. अंगातला तो शर्ट मुलाचा होता. "पोराचं तेवढंच कामाला आलं," असं ती कुणी न विचारताही सांगायची. तेव्हा तिच्या चेहऱ्याकडं बघवायचं नाही.

तिची एक सवय मला फार आवडायची. घरी ती सुनेला "ए पोरी" म्हणायची, कामावरून परत जाताना वाटेत भांडायची, भाकरी करपली म्हणून बोलायची. पण साइटवर सुमन परांचीवर चढली, की ही खालून एकदम मानानं बोलायला लागे. "मिस्त्री, माल घेता का?" "मिस्त्री, इटा कमी हाईत का?" सुमन तेव्हा साधी बिगारी होती. तिला लाजून जागेवर विरघळावंसं वाटायचं. "आत्याबाई, लोकं हसायलेत," ती दबक्या आवाजात म्हणायची. त्यावर, "हसू दे की. त्यांच्या कानाला सवय लागू दे," हे उत्तर ठरलेलं.

उस्मान मिस्त्री आमचे मुख्य गवंडी. हाताला सोनं, बोलणं गोड, पण थापीच्या बाबतीत कर्मठ. सहा महिने चंद्रभागाबाई त्यांच्या मागं लागली होती आणि सहा महिने ते, "आक्का, ये औरतों का काम न्हाई," म्हणत होते. शेवटी तिनं मागणी बदलली.

"बरं, दर्शनी भिंत नगं. जितं कुणी बगत न्हाई तितं शिकू द्या. ती चौकीदाराची खोली हाय ना मागं, तिची मागली भिंत द्या."

एवढ्याला नाही म्हणणं मिस्त्रींना जड गेलं. त्यांनी रोज जेवणाच्या सुट्टीत सुमनला दोरी कशी लावायची, ओळंबा कसा सोडायचा, हे दाखवायला सुरुवात केली आणि मग मागची भिंत तिच्यावर सोडली. सुमननं जीव लावून ती उभी केली. पूर्ण झाली त्या दिवशी सगळे बघायला गेलो आणि सगळ्यांनाच एकदम दिसलं. भिंतीनं पोट काढलं होतं. मध्यावर चांगली फुगली होती. सुमनचं तोंड एवढंसं झालं.

मिस्त्री भला माणूस. म्हणाले, "रहने दो आक्का. मागची बाजू हाय, गिलावा केल्यावर दिसणार न्हाई. चालंल."

चंद्रभागाबाई सरळ माझ्याकडं आली. "भाऊ, पहार द्या." मला वाटलं दगड उकरायचा असेल. तिनं पहार नेली आणि सगळ्यांच्या देखत भिंतीच्या पोटात घातली. सुमन रडत मध्ये पडली, तिला बाजूला सारलं. मिस्त्री हात धरायला गेले, तर त्यांच्याकडं वळून म्हणाली,

"चालंल म्हनू नका, मिस्त्री. चालंल, चालंल म्हनतच माजं पोरगं वाया गेलं."

मग ती खाली बसून एकेक वीट साफ करायला लागली. थोड्या वेळानं सुमन डोळे पुसून तिच्याशेजारी बसली. नंतर आमच्यापैकी दोघंतिघं बसले, आणि मग उस्मान मिस्त्रीही मांडी घालून बसले. "पोरी, उद्या सुट्टीत नको, सकाळीच ये माझ्याबरोबर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सुमन त्यांच्या हाताखाली भर कामाच्या वेळी, दर्शनी भिंतीवर उभी राहिली. चौकीदाराची भिंत नंतर तिनंच पुन्हा बांधली. ती अजून सरळ उभी आहे. सिरसाळ्यावरून जाणं झालं की मी मुद्दाम मागच्या बाजूला जाऊन बघून येतो.

चंद्रभागाबाईच्या बढतीचा किस्सा याच कामावरचा. गोदामापुढं माल उतरवायचा मोठा ओटा ओतला होता आणि त्याच वेळी पाण्याची बोंब झाली. कंपनीचा टँकर यायचा तो फक्त कामाला. नव्या काँक्रीटवर पाणी मारलं नाही तर ते भेगाळतं, म्हणून साइटवरच्या इंजिनिअर साहेबांनी टँकरजवळ पहारा बसवला होता. पहाऱ्यावर चंद्रभागाबाईच, कारण तिच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती. शेजारच्या वस्तीतल्या बाया रिकाम्या कळश्या घेऊन लांब उभ्या राहायच्या. ती त्यांना हाकलायची, आणि हाकलून आली की माझ्यावर चिडायची.

एक दिवस साहेब दुपारी आले तर ओट्यावर वस्तीतली झाडून सगळी पोरं नागडी उभी, आणि चंद्रभागाबाई माझ्या स्टोअरमधल्या मगानं त्यांना आंघोळ घालतेय. साहेबांचा पारा चढला. ही शांतपणे म्हणाली, "साहेब, साबण लावला न्हाई. वट्याला पानी पायजे व्हतं, वट्याला मिळालं. मदी पोरं हुबी ऱ्हायली, येवढंच." त्या कोरड्या महिन्यात वस्तीतली पोरं रोज न्हाली आणि ओट्याला एक भेग पडली नाही. स्टोअरमधला तो मग मात्र मला परत मिळाला नाही, बहुधा वस्तीतच राहिला.

साहेब माणूस ओळखणारे होते. त्यांनी तिला बायांची मुकादमीण करायचं ठरवलं. हजेरी वाढीव, घमेलं सुटणार. ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत बोलावून त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी तिथंच होतो.

"मला नगं," ती म्हणाली. "माजी बढती सुमनच्या नावावर लावा. तिला मिस्त्री करा."

साहेब हसायला लागले. "आक्का, बढती काय सातबारा आहे का, दुसऱ्याच्या नावावर करायला?"

"मंग मला नगंच. मी हाय तितं बरी. पर तिची हजेरी माज्यासंगं लावू नका आता. तिची तिला लावा. नाव तिचं, पैसा तिच्या हातात."

एवढं मात्र तिनं मिळवलंच. कोयता मोडला. सुमनची हजेरी वेगळी लागायला लागली आणि तिच्या पाठोपाठ इतर बायाही, आमची वेगळी लावा, म्हणून रामकिसन मुकादमांच्या डोक्यावर बसल्या. मुकादमांनी त्याबद्दल चंद्रभागाबाईला कधी माफ केलं नाही.

पुढं कामं होत गेली. गोदामानंतर दूध संघाची इमारत, मग गाळ्यांची लांबलचक रांग. सुमन गिलाव्यात तयार झाली, मग विटकामात, आणि उस्मान मिस्त्रींचे डोळे अधू झाल्यावर त्यांनी आपल्या हातानं तिला आपल्या जागी उभं केलं. चंद्रभागाबाई तिला माल द्यायला खाली असायचीच. "मिस्त्री, माल!" आता कुणी हसत नव्हतं, कारण सुमन खरोखरच मिस्त्री होती. सासूचं वय मात्र दिसायला लागलं होतं. घमेलं उचलताना ती क्षणभर थांबायची आणि कुणी बघितलं तर उगाच पदर सारखा करायची.

त्याच सुमारास आमच्या दुसऱ्या एका साइटवर एक म्हातारा गडी उन्हानं चक्कर येऊन परांचीवरून पडला. वाचला, पण पाय गेला. कंपनीच्या मालकांनी मग नियमच केला, की साठीच्या पुढचं माणूस साइटवर घ्यायचं नाही. चालू कामावरची म्हातारी माणसं तेवढं काम संपेपर्यंत राहिली. नवं काम केजला निघालं, सहकारी बँकेच्या इमारतीचं. रामकिसन मुकादम आता काम सोडून घरी बसले होते, आणि मालकांनी सुमनला सुपरवायझर केलं. माणसं घ्यायचं कामही तिच्याचकडं आलं.

ही बातमी पसरली तशी कुजबुज सुरू झाली. बाई माणसं घेणार म्हणजे आधी घरचीच घेणार. सासूला वगळायची हिंमत तिच्यात नाही. आणि एकदा सासूला घेतलं, की प्रत्येक टोळीवाला आपली म्हातारी माणसं घेऊन उभा राहणार, मग हिचं कोण ऐकतंय? मालकही बघत होते. मला सुमनची फार काळजी वाटत होती. जिनं तिला वर चढवलं तिलाच तिनं नाही म्हणायचं, आणि तेही पहिल्याच दिवशी.

त्या सकाळी केजच्या बसस्टँडजवळ, जीप लागतात त्या चौकात, माणसं जमली होती. मी अवजारांचा टेम्पो घेऊन आलो होतो. समोरच्या हॉटेलात रामकिसन मुकादम खास बघायला येऊन बसले होते, चहा पुढ्यात. सुमन एकेकाशी बोलत, निवडत पुढं येत होती. आणि रांगेत, पार शेवटाकडं, तो फुल बाह्यांचा शर्ट घालून चंद्रभागाबाई उभी होती. तिला नियम माहीत नव्हता असं नाही. मीच तिला सांगितला होता.

तिच्या अलीकडं एक कोवळी बाई होती, एकटीच आलेली. सुमनपुढं ती अडखळली. "ताई, मी अर्धा कोयता हाय. चालंल का?"

"इतं अर्धं-पुरं न्हाई," सुमन म्हणाली. "एक मानूस, एक हजेरी. नाव सांग तुजं." तिला घेतलं आणि सुमन एक पाऊल पुढं सरकली. मुकादमांनी कप खाली ठेवला.

"नाव?" सुमननं विचारलं.

"चंद्रभागा."

"वय?"

"तुला ठावं हाय."

"ठावं हाय म्हनूनच सांगते." सुमननं सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं. "तुमाला न्हाई घेता येत, आत्याबाई. घरी जावा."

मला वाटलं, आता म्हातारी चौक डोक्यावर घेणार. तिनं तर सावकाश शर्टाची बटणं काढली आणि शर्ट त्या एकट्या आलेल्या पोरीच्या हातात दिला. "घाल. उन्हानं हात भाजतेत," एवढं म्हणून ती रांगेतून बाहेर पडली. सुमन वळली आणि पुढच्या माणसाला तिनं नाव विचारलं. हॉटेलातले मुकादम उठले, पैसे दिले आणि कुणाकडंही न बघता निघून गेले.

मी धावत तिच्या मागं गेलो. मला रडू येत होतं आणि रागही. "आक्का, ठाऊक असून कशाला उभी राहिलीस रांगेत?"

"मी हुबीच ऱ्हायली नसती तर लोकांनला कळलं कसं असतं, ती कुनाला बी न्हाई म्हनू शकते म्हून?"

"आणि घेतलं असतं तर?"

"घरी गेल्यावर थोबाडलं असतं तिला."

ती स्टँडच्या पायरीवर टेकली. शर्ट नसल्यामुळं एकदम लहान दिसत होती. तिनं पदराआडून एक गाठोडं काढलं आणि मांडीवर सोडलं. त्यात दुपारची भाकरी होती, ठेचा होता, कांदाही होता. दिवसभर कामावर राहणारं माणूस आणतं तेवढी सगळी शिदोरी तिनं बांधून आणली होती. मी तिकडं बघतोय हे तिच्या लक्षात आलं. तिनं भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

तेवढ्यात सिरसाळ्याची एक ओळखीची बाई पिशवी सावरत गाडीतून उतरली. "काय गं आक्का, आज कामाला न्हाई?"

चंद्रभागाबाईनं तोंडातला घास गिळला, डोळे पदरानं पुसले आणि परांचीवरून फाटकापर्यंत पोचणाऱ्या त्या आवाजात, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं सांगितलं, "न्हाई घेतलं मला! आमच्या मिस्त्रीनं न्हाई घेतलं!"